उलट्या पावलांचा टँगो

“मागे,” डॉन रुफिनो म्हणाले.

मी मागे गेलो आणि फ्रीजवर आदळलो. वरची मिठाची बरणी डोक्यात पडता पडता राहिली.

“फ्रीज आहे तिथे,” मी कळवळून म्हणालो.

“फ्रीज तिथे माझ्या आईच्या काळापासून आहे. तू कशाला बघतोस? पुढचा माणूस तुला नेतोय ना? मग त्याच्यावर सोडून दे. मला दिसतोय फ्रीज.”

“दिसतोय तर मला त्याच्यावर का घातलंत?”

“मी नाही घातलं. एक पाऊल तू तुझ्या मनानं जास्तीचं घेतलंस. मी मागितलंच नव्हतं. चल, पुन्हा.”

त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. मी माझा डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, उजवा त्यांच्या हातात दिला, आणि मिशीवाला, पोट सुटलेला, दोन लेकरांचा बाप असलेला मी ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याच्या मिठीत उलटा उलटा चालू लागलो. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. पण ते स्वयंपाकघर खरोखरच वाकडं होतं. ओट्याकडून फ्रीजकडे सरळ सरळ उतार होता.

ही वीसेक वर्षांपूर्वीची, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरातली गोष्ट. मी लातूरच्या एका तेलाच्या गिरणीत नमुने तपासायचं काम करत होतो. गिरणी तिकडून सोयाबीनचं तेल मागवायची. जहाजात चढायच्या आधी ते आपल्या माणसानं तपासून, हुंगून घ्यावं म्हणून मालकानं मला वर्षभरासाठी धाडलं. ज्या लातुरात सोयाबीनच सोयाबीन, तिथला माणूस सोयाबीनचं तेल हुंगायला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. यातलं शहाणपण मालकालाच ठाऊक. मला विला उर्किसा नावाच्या जुन्या वस्तीत एका दुमजली घराची वरची खोली मिळाली. खालच्या मजल्यावर घरमालक एकटेच राहायचे. ते हे डॉन रुफिनो. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला मानानं डॉन म्हणतात. आपल्याकडच्या सिनेमातल्या डॉनशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं हॅटचं दुकान होतं. लोकांनी हॅट घालणं सोडलं तेव्हा त्यांनी दुकान सोडलं, पण स्वतःची हॅट काही सोडली नाही. दाराशी आलेल्या पोस्टमनकडून टपाल घ्यायचं तरी आधी आत जाऊन हॅट घालून यायचे.

मी राहायला आलो त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी दार ठोठावलं.

“वर कोण राहतं?”

“मीच की. तुम्हीच तर किल्ली दिलीत.”

“एकटाच?”

“एकटाच.”

“मग बाकीचे तिघं कोण चालत असतात?”

माझी स्पॅनिश तेव्हा बाजारात कांदे मागण्यापुरती होती. पण एवढं समजलं. मी ओशाळून म्हणालो की यापुढे हळू चालेन. ते म्हणाले, हळू नको, नीट चाल. आणि तिथेच, माझ्या खोलीत, त्यांनी मला चालून दाखवलं. टाच आपटायची नाही. पाय उचलून टाकायचा नाही, जमिनीला लागून न्यायचा. अंगाचा भार आधी पुढे जातो, पाय त्याच्या मागून येतो. खिडकीपासून दारापर्यंत तो किडकिडीत म्हातारा चालत गेला आणि मी नुसता बघत राहिलो. चालणं ही बघण्यासारखी गोष्ट असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

“हे कुठं शिकलात?” मी विचारलं.

“इथंच. या वस्तीत,” ते म्हणाले. “हा टँगो आहे.”

टँगो म्हणजे दातात गुलाब धरायचा आणि बाईला जमिनीपर्यंत वाकवायचं, एवढीच माझी कल्पना होती. तसं मी बोललोही. डॉन रुफिनोंनी हॅट काढून डोकं खाजवलं.

“ते सर्कशीत,” म्हणाले. “तू उद्या खाली ये.”

खाली गेलो की आधी माते. माते म्हणजे कडू पाला. तो भोपळ्याच्या छोट्या भांड्यात भरायचा, वरून गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं ओढायचा. एकाच नळीनं आळीपाळीनं. आपला पुदिन्याचा काढा बरा म्हणायची पाळी येते, पण नाही म्हणता येत नाही. माते ओढता ओढता डॉन रुफिनो जुन्या गोष्टी सांगायचे.

त्यांच्या तरुणपणी या वस्तीची स्वतःची अशी चाल होती. शहराच्या मध्यभागी लोक दाटीत नाचायचे, इवली इवली पावलं टाकत. इथल्या क्लबांची अंगणं मोठी, फरशी गुळगुळीत. म्हणून इथला नाच लांब पावलांचा, ऐसपैस, सावकाश. उड्या नाहीत, लाथा नाहीत, झुलवाझुलवी नाही. गाण्यात जिथं दम घेतलाय तिथं आपणही थांबायचं, आणि थांबताना घाई करायची नाही. रविवारी दुपारपासून ‘ला गोलोन्द्रिना’ क्लबात इस्त्रीचे सूट घालून सगळी वस्ती जमायची.

“आणि शिकवायचं कोण?”

“मुलं मुलांना शिकवायची. आठवडाभर संध्याकाळी क्लबात नुसती मुलं. नवीन पोरगा आला की आधी त्याला बाईच्या जागी उभं करायचं. महिनोन्महिने मागं चालायचं. मागं चालणं पक्कं झालं की मग पुढं. मग कधीतरी रविवारचा सूट, आणि मग खरी बाई.”

पुढे दिवस पालटले. नवं संगीत आलं, मग असे सरकारवाले आले की चार माणसं एकत्र जमली तरी पोलिसांची शिट्टी वाजायची. नाचणारे म्हातारे झाले, काही गेले. गोलोन्द्रिनाच्या अंगणात फुटबॉलच्या जाळ्या लागल्या. आता पुन्हा टँगोचं वारं फिरलं होतं. शहरात ठिकठिकाणी तरुण पोरं नाचत होती, परदेशी लोक विमानानं येऊन शिकत होते. पण ते नाचत होते ते डॉन रुफिनोंच्या भाषेत सर्कशीतलं.

“वसंतात क्लबाचा वाढदिवस आहे,” ते एकदा म्हणाले. “कमिटीनं ठरवलंय, त्या रविवारी जाळ्या काढायच्या आणि पूर्वीसारखा नाच ठेवायचा. रंगला तर दर रविवारी. नाही रंगला तर जाळ्या परत, कायमच्या. आणि नेलिदा येणार आहे.”

“नेलिदा कोण?”

त्यांनी नळी तोंडातून काढली, पुसली, परत ठेवली.

“आमच्या वस्तीतली सगळ्यात सुंदर नाचणारी. तिचा नवरा आस्द्रूबाल, तोही तसाच. तो गेल्यापासून ती नाचलेली नाही. त्या चालीच्या बायकांतली ती एकटीच राहिलीय, मानू.” माझं मन्मथ हे नाव त्यांच्या जिभेवर काही बसेना, म्हणून मी मानू झालो होतो. “ती येईल, कोपऱ्यात बसेल, कॉफी घेईल. आणि तिच्याशी आपल्या चालीनं नाचणारा माणूस भेटला नाही, तर उठून जाईल. मग ही पोरं कुणाकडे बघून शिकणार? पुस्तकात बघून? तिच्याशी कुणीतरी नाचलं पाहिजे.”

“कोण?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मागं वळून बघितलं. मागं फ्रीज होता.

“मी?”

“तुझं वजन आहे, पण अंगात ताल आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुला काहीच येत नाही. या पोरांना आधी येतं ते विसरायला लावावं लागेल. तुझं तसं नाही.”

“पण तुम्ही स्वतः का नाही नाचत?”

“गुडघा,” डॉन रुफिनो म्हणाले आणि पाणी तापवायला उठले. याच गुडघ्यानं ते दिवसातून दोनदा मातेची किटली घेऊन माझा जिना चढायचे.

असा सगळा हिवाळा गेला. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला जून-जुलै. रविवारी सकाळी लातूरला फोन लावायचो.

“काय करलालाव?” महानंदा, म्हणजे माझी बायको, विचारायची.

“नाचलालो,” मी पहिल्यांदा सांगितलं.

“कुणासंगं?”

“घरमालकासंगं.”

“किती वयाचा हाय?”

“ऐंशीच्या पुढं.”

“मग नाचा बापडे. म्हाताऱ्याच्या पायावर पाय देऊ नगा तेवढं.” मग, “अन् कसं नाचतेत तिकडं?”

“मला मागं मागं चालायचं असतंय.”

“अगं बाई! उलटी पावलं तर भुताची असतेत की ओ!” आणि ती इतकी हसली की माझे फोनचे अर्धे पैसे तिच्या हसण्यातच संपले.

उलटं चालणं सोपं नसतं. माणसाला पाठीला डोळे नसतात, म्हणून तो चोरून पाऊल टाकतो. गुडघा वाकवतो, बूड मागं काढतो. डॉन रुफिनो हे सगळं एकेक करून काढत गेले. त्यांची तऱ्हा अशी की ते ढकलायचे नाहीत, ओढायचे नाहीत. नुसती छाती पुढे यायची आणि माझा पाय आपोआप मागं जायचा. पावसाळी हवेत एका संध्याकाळी गाणं लागलं आणि संपलं, आणि मधे काय झालं ते मला सांगता आलं नाही. कुठंही आदळलो नव्हतो. फ्रीजला वळसा घालून, टेबलाच्या कडेनं, दारातून बोळात आणि बोळातून परत आलो होतो, आणि माझे डोळे मिटलेले होते. डॉन रुफिनो धापा टाकत होते, पण खुशीत होते.

“झालं,” ते म्हणाले. “आता तुला येतं.”

“आता पुढं चालायचं शिकवा की.”

“ते शिकवावं लागत नाही. मागं आलं की पुढं आपोआप येतं.”

“नक्की?”

“सगळ्यांना आलं. आस्द्रूबाललाही तसंच आलं.” आणि पुन्हा गुडघा धरून पाणी तापवायला उठले.

मी भोळा माणूस. मी लातूरच्या चौकात रिक्षा उलटी घेणारे बघितले होते. ज्याला उलटी घेता येते त्याला सुलटी येतेच. मला पटलं.

तो रविवार उजाडला. दुपारचं लख्ख ऊन, क्लबाच्या भिंतीवरच्या वेलीला नवी पालवी, आणि अंगणातल्या फुटबॉलच्या जाळ्या गुंडाळून कोपऱ्यात टाकलेल्या. कमिटीचे अध्यक्ष, जे एरवी फुटबॉलची शिट्टी फुंकायचे, ते त्या दिवशी बो टाय लावून सारखे त्या जाळ्यांकडे बघत होते. एका बाजूला बायकांची टेबलं, समोर पुरुषांची. मधे काळ्या-पांढऱ्या फरशीचं मोकळं अंगण. तरुण पोरं-पोरी बऱ्याच आल्या होत्या, वस्तीतली म्हातारी माणसंही. पण जो तो आपापल्या खुर्चीला चिकटून. चार जोड्या काय त्या फिरत होत्या. त्याही घड्याळाच्या उलट्या दिशेनं. तिथं सगळे असेच फिरतात. देवळातल्या प्रदक्षिणेची सवय असलेल्या मला ते बघूनच गरगरायला लागलं.

नेलिदाबाई आल्या. हिरवा गर्द पोशाख, पांढरे केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. कोपऱ्यात बसल्या. कॉफी मागवली. दोघातिघा पोरांनी त्यांच्याकडे बघून पाहिलं; त्यांनी मान वळवून वेलीकडे बघितलं.

हे बघणंच तिथलं बोलावणं. उठून टेबलापाशी जायचं, हात पुढे करायचा, असलं काही करायचं नाही. ते गावंढळपणाचं. पुरुषानं लांबूनच बाईकडे बघायचं. तिची इच्छा असेल तर तीही बघते, नसेल तर दुसरीकडे बघते. नजर जुळली की पुरुष मान जराशी हलवतो, तीही हलवते, आणि मगच तो उठतो. नकार मिळाला तरी चारचौघांत कुणाचं नाक कापलं जात नाही. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात, पोहे खाऊन झाल्यावर नाही म्हणण्यापेक्षा हे मला कितीतरी सभ्य वाटलं.

“बघ तिच्याकडे,” शेजारी बसलेले डॉन रुफिनो म्हणाले. हॅट मांडीवर होती आणि ते हॅटकडेच बघत होते. “बघत राहा. डोळे खाली घालू नकोस.”

मी देवाचं नाव घेऊन बघितलं. नेलिदाबाईंनी बघितलं. कुठल्या मुलखातला हा प्राणी, असं कुतूहल त्यांना वाटलं असावं. मी मान हलवली. त्यांनी हलवली.

“राहिली तिची कॉफी,” डॉन रुफिनो पुटपुटले. “जा पोरा. जा.”

मी गेलो. सगळं अंगण बघत होतं. नेलिदाबाई इतक्या वर्षांनी उठल्या हे सगळ्यांना कळत होतं. अध्यक्षांनी बो टाय सैल केला. गाणं सुरू झालं. मी सवयीनं डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांचाही डावा हात माझ्या खांद्याकडे येत होता, त्यामुळे हातांची थोडी गर्दी झाली. परदेशी माणूस म्हणून त्यांनी ते सोडून दिलं असेल. मी डोळे मिटले. गाण्यानं श्वास घेतला.

मी मागं गेलो. आणि नेलिदाबाईही मागं गेल्या.

डोळे उघडले तर आमच्यामधून बैलगाडी जावी एवढी जागा. मागून येणारी जोडी माझ्या पाठीवर आदळली, तिच्यावर तिच्या मागची. “माफ करा,” म्हणत मी पुन्हा पुढे झालो, पुन्हा हात ठेवले, पुन्हा गाण्यानं श्वास घेतला, आणि माझा पाय, सगळा हिवाळा घोटून घेतलेला माझा इमानी पाय, पुन्हा मागंच गेला. त्यांचाही. पुढं काही आपोआप आलं नाही. टेबलांवरून हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं मनात म्हणत मी घामानं निथळत उभा राहिलो.

“तुम्ही माझ्यापासून पळताय की मी तुमच्यापासून?” नेलिदाबाईंनी विचारलं.

“मला एवढंच येतं,” मी म्हणालो. “मला वाटलं, पुढचं आपोआप येईल.”

“तुम्हाला कुणी शिकवलं?”

“डॉन रुफिनोंनी.”

त्या थबकल्या. मग हसायला लागल्या. खळखळून, तोंडावर हात ठेवून. हसता हसता त्यांनी मला दंडाला धरून अंगणाच्या कडेला घेतलं, म्हणजे बाकीच्यांची वाट मोकळी झाली. टँगोची गाणी तीन-चार एकापाठोपाठ लागतात, आणि ती संपेपर्यंत जोडीनं एकमेकांना सोडायचं नसतं. ते अपमानाचं समजतात. म्हणून आम्ही तिथं कडेला, नाचायच्या मिठीत, न नाचता उभे राहिलो.

“रुफिनोनं तुम्हाला बाई केलंय,” त्या म्हणाल्या. “त्याला तेवढंच येतं ना. सगळी मुलं आधी मागं चालायला शिकायची, मग पुढं. रुफिनो मागं इतका सुंदर चालायचा की त्याला कुणी पुढं येऊच दिलं नाही. जो तो म्हणायचा, मला रुफिनोबरोबर सराव करायचाय. माझा आस्द्रूबाल दर शनिवारी त्याच्याबरोबर घोटून घ्यायचा आणि रविवारी माझ्याबरोबर नाचायचा. लोक म्हणायचे, काय चाल आहे आस्द्रूबालची! अर्धी चाल रुफिनोची होती. मला कळायचं ते.”

“आणि रविवारी ते काय करायचे?”

“तिथंच बसायचा. जिथं आत्ता बसलाय. हॅट मांडीवर, डोळे हॅटवर.” त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. त्यांचं हसू आता उरलं नव्हतं. “आमच्यात बाई बघू शकते. बोलावू शकत नाही. मी किती रविवार बघत राहिले, हा माणूस एकदा तरी मान वर करेल म्हणून. त्यानं केली नाही. मग आस्द्रूबालनं केली. चांगला होता आस्द्रूबाल. माझी काही तक्रार नाही.”

गाणी संपली. मी रीतीप्रमाणे त्यांना टेबलापर्यंत पोचवलं. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली, पण उठल्या नाहीत. मी जवळजवळ पळतच पलीकडे गेलो. डॉन रुफिनोंची मान पार खाली गेली होती.

“चुकलं माझं, मानू,” ते म्हणाले. “मला खरंच वाटलं, आपोआप येतं. सगळ्यांना यायचं.”

“तुम्हाला?”

“मला कुणी म्हटलंच नाही की आता तू पुढं हो.” त्यांनी हॅटची कड बोटांनी सरळ केली. ती सरळच होती. “जाईल आता ती. पोरं हसली. संपलं.”

“डॉन रुफिनो, त्या तुमच्याकडे बघतायत.”

“वेलीकडे बघत असेल.”

“वेल त्या बाजूला आहे. वर बघा.”

“बघून काय करू? मला पुढं चालता येत नाही. मला फक्त मागं चालता येतं, सगळ्या वस्तीला माहीत आहे.”

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल माया दाटून आली, दोन्ही एकदम. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे स्पॅनिशमध्ये कसं सांगतात ते मला येत नव्हतं. म्हणून जे येत होतं ते म्हणालो.

“मग सगळा हिवाळा मी मागं चालत होतो, तेव्हा पुढं कोण चालत होतं?”

डॉन रुफिनोंनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“फ्रीजला वळसा कुणी घातला?” मी म्हणालो. “बोळात कोण घेऊन गेलं? माझे तर डोळे मिटलेले होते.”

पुढचं गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातलं, आमचंच गाणं. नेलिदाबाईंचा हात पर्सच्या बंदावर होता. डॉन रुफिनोंनी मान वर केली. सावकाश, गाण्यात दम घ्यावा तशी. समोर नेलिदाबाई बघतच होत्या. त्यांची मान किती बारीक हलली म्हणून सांगू, मला शेजारी बसून दिसलं नाही. पण पलीकडून पर्स खाली ठेवल्याचं दिसलं.

ते उठले आणि हॅट माझ्या हातात दिली.

“गुडघा?” मी विचारलं.

“कुठला गुडघा?” ते म्हणाले आणि चालू लागले.

त्यांनी काय केलं म्हणून विचाराल तर काही नाही. चालले. काळ्या-पांढऱ्या फरशीवरून, ऐसपैस, जमिनीला लागून. गाणं थांबलं तिथं थांबले, आणि थांबताना घाई केली नाही. नेलिदाबाईंनी डोळे मिटले होते. एका वळणावर त्यांचं पाऊल मागं गेलं आणि ते नेमकं जसं जायला हवं तसं गेलं, हे मला माझ्या पायात कळलं. कारण ते पाऊल मी त्या स्वयंपाकघरात हजारदा टाकलं होतं. मग हसणाऱ्यांतला एक पोरगा उठला, एक पोरगी उठली, आणि त्यांच्या मागोमाग, उड्या-लाथा विसरून, जमेल तशी नुसती चालू लागली. म्हातारे उठले. बघता बघता अंगण भरलं. अध्यक्षांनी कोपऱ्यातल्या जाळ्या उचलल्या, आता या कुठं ठेवू असं करत दोनदा फिरले, आणि शेवटी त्यांच्यावरच बसून रडले. मीही रडलो. मला त्याची लाज वाटली नाही.

उन्हं उतरेपर्यंत मी ती हॅट मांडीवर घेऊन बसून होतो. डॉन रुफिनो ती मागायला आले नाहीत.

दर रविवारी नाच ठरला. आठवड्यातून दोन संध्याकाळी डॉन रुफिनो क्लबात पोरांना शिकवू लागले, आणि पोरींनाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते आधी मागं चालायला लावत. पण नीट चालायला लागला की त्याच संध्याकाळी स्वतः त्याच्यासमोर मागं चालायला उभे राहत आणि म्हणत, “आता तू पुढं हो.” मी भारतात परत निघालो तेव्हा हॅट द्यायला गेलो, तर ते दारात बोडक्यानं उभे होते. म्हणाले, “ठेव तुला. मला आता मान वर ठेवायची सवय लागलीय, ती डोक्यावरून पडते.”

ती हॅट आमच्या लातूरच्या घरात खुंटीवर आहे. आलो त्याच आठवड्यात महानंदानं सोफा भिंतीला सरकवला, पदर खोचला आणि म्हणाली, “दाखवा बरं, काय शिकून आलाव.”

“मला मागंच चालता येतंय,” मी आधीच सांगून टाकलं. “पुढं तुला चालावं लागल.”

“मला कुठं येतंय?”

“येतंय. चल तू.”

तिनं माझा हात धरला, बिचकत छाती पुढं केली, आणि माझा पाय आपोआप मागं गेला. मी डोळे मिटले. दोन पावलं, तीन पावलं, एक वळण.

“ओ,” महानंदा म्हणाली, “डोळे उघडा की. मागं फ्रीज हाय.”

“असू दे,” मी म्हणालो. “तुला दिसलाला की.”